वाड्यात, थोड्या लाइटमध्ये ड्रामा शूट करायचाय? मग 'गम्पेरळिय' कसा बनला ते समजून घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा की आजोळच्या वाड्यात एका जुन्या मराठी कादंबरीवर फीचर करायचंय, पैसे बेताचेच, लाइटसाठी तर जवळजवळ नाहीतच. कोणीतरी १९६३ चा सिंहली सिनेमा 'गम्पेरळिय' बघायला सांगितला, तो म्हणे सगळा स्टुडिओबाहेर, एक मोठा दिवा आणि हातात धरायचे लहान लाइट एवढ्यावर शूट झालाय. तू बघितलास, आवडला, पण त्यांनी हे जमवलं कसं आणि आपल्याला जमेल का ते कळेना.

जमेल. मी कॅमेऱ्यामागे बरीच वर्षं काढलीत, मराठी सिनेमात आणि मधेमधे सिरियलमध्ये, आणि नवीन असिस्टंट आला की हा सिनेमा मी त्याला आवर्जून दाखवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाच.

'एका दिव्यावर शूट केलं' म्हटलं की आपल्याकडे लगेच जुगाड हा शब्द येतो. तो आधी डोक्यातून काढ. दिवा एकच असला की एक प्रश्न टाळताच येत नाही, हा सीन कोणाचा आहे? दहा लाइट असले की प्रत्येकाच्या तोंडावर थोडा थोडा उजेड टाकता येतो, भिंतीवर टाकता येतो, मागच्या फोटोफ्रेमवर पण टाकता येतो, आणि मग सीन कोणाचा हे न ठरवताच शॉट ओके होतो, डायरेक्टर खूश, प्रोड्यूसर खूश, आणि एडिटला बसल्यावर कळतं की सीनमध्ये सगळं दिसतंय पण बघायचं कोणाकडे तेच कळत नाही. एक दिवा असला की हे शूटच्या आधी ठरवावं लागतं. 'गम्पेरळिय'ची सगळी ताकद मला यात दिसते, आणि फक्त लाइटच नाही, नट कोण घेतले, गाणी का काढली, संगीत कसं लावलं, सगळीकडे हे आधी ठरवलेलं जाणवतं.

आता हे लोक इथपर्यंत आले कसे ते सांगतो, कारण ते एका दिवसात आले नाहीत. पहिला सिंहली बोलपट 'कडवुनु पोरोन्दुव' १९४७ चा, आणि तो श्रीलंकेत शूटच झाला नव्हता, तो झाला मदुराईला. प्रोड्यूसर एस. एम. नायगम तिकडचे, डायरेक्टर ज्योतिष सिन्हा बंगाली, नट मात्र सिंहली, रंगभूमीवरचे. पुढची काही वर्षं हीच रीत, सिंहली नटमंडळी समुद्र ओलांडून दक्षिण भारतातल्या स्टुडिओत यायची, तिथल्याच सेटवर तिथल्याच टेक्निशियनबरोबर शूट करायची, गाणी-नाच-विनोद-मारामारी सगळा मसाला इकडचाच, भाषा फक्त सिंहली. लंकेतलं गाव पडद्यावर यायचं ते प्लायवूडचं आणि रंगवलेलं. पब्लिक बघत होतं, चालत होतं, पण त्या गावात कोणी राहतंय असं वाटायचं नाही.

'गम्पेरळिय'चा डायरेक्टर लेस्टर जेम्स पेरीस हा माणूस या सगळ्याच्या बाहेरचा. जन्म १९१९, कोलंबोजवळ देहिवळचं इंग्रजी बोलणारं कॅथलिक घर, वडील डॉक्टर, भाऊ आयव्हन चित्रकार. सुरुवात पत्रकारितेत, मग काही वर्षं लंडनला राहून स्वतःच्या शॉर्टफिल्म्स केल्या, आणि मग सिलोन सरकारच्या फिल्म युनिटमध्ये आला, तिथे राल्फ कीन नावाच्या ब्रिटिश डॉक्युमेंटरीवाल्याच्या हाताखाली काम केलं. मलेरिया निर्मूलन वगैरे विषयांवरच्या फिल्म्स. पुढे 'गम्पेरळिय' शूट करणारा कॅमेरामन विल्यम ब्लेक आणि एडिटर टायटस तोटवत्त त्याला तिथेच भेटले. हे तिघं सरकारी नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी १९५६ ला 'रेखाव' केला, जवळजवळ सगळा स्टुडिओबाहेर, खऱ्या गावात. १९५७ ला तो फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलच्या कॉम्पिटिशनमध्ये गेला, आणि घरी? घरी पडला. लोकांना सवयीचा मसाला मिळाला नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ब्लेकचा हात डॉक्युमेंटरीत तयार झाला होता. डॉक्युमेंटरीवाला खोलीत शिरला की आधी खिडकी कुठे आहे ते बघतो, सूर्य किती वाजता आत येतो ते बघतो, माणसाला 'इकडे बस' म्हणायच्या ऐवजी माणूस रोज कुठे बसतो ते विचारतो. स्टुडिओत तयार झालेला कॅमेरामन आधी वर बघतो, लाइट कुठे टांगायचे म्हणून, आणि ही सवय पुस्तक वाचून येत नाही. तुझ्या कॅमेरामननेही थोडं डॉक्युमेंटरीचं काम केलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, त्याचा शोरील, म्हणजे आधीच्या कामाचे निवडक तुकडे, किती चकाचक आहे ते नंतर बघ.

'रेखाव'नंतर पेरीसने १९६० ला 'संदेशय' नावाचा पोर्तुगीज काळातला ऐतिहासिक सिनेमा मोठ्या प्रोड्यूसरसाठी केला, तो चालला. त्यानंतर अँटन विक्रमसिंघे या प्रोड्यूसरबरोबर 'गम्पेरळिय', २० डिसेंबर १९६३ ला रिलीज.

गोष्ट तुला माहीतच आहे, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी दोन ओळीत सांगतो. मार्टिन विक्रमसिंघेंची १९४४ ची कादंबरी, दक्षिण लंकेतल्या गावातलं मुहन्दिरमचं म्हणजे इंग्रजांनी मानाची पदवी दिलेल्या जुन्या खानदानी माणसाचं घर, ते घर हळूहळू खचत चाललंय. धाकटी मुलगी नंदा, तिला इंग्रजी शिकवायला येणारा पियल, ज्याच्या आजोबांनी भाजी विकली म्हणून तो जावई म्हणून चालणार नाही. मग खानदान बरोबर पण खिसा रिकामा अशा जिनदासशी तिचं लग्न, तो धंद्यासाठी आत डोंगराळ भागात जातो आणि परत येत नाही, मेला अशी बातमी येते. तिकडे पियल कोलंबोत पैसेवाला झालेला असतो, नंदा त्याच्याशी लग्न करते, आणि नंतर कळतं की जिनदास तेव्हा मेलेलाच नव्हता. हे सगळं एका घराच्या आत चाललंय, आणि बाहेर अख्खा समाज बदलतोय. मराठी वाचकाला हे घर लगेच ओळखता येतं, आपल्या किती कादंबऱ्या अशा वाड्यांच्या आहेत.

आता घर. कादंबरीतलं गाव म्हणजे कोग्गल, विक्रमसिंघेंचं स्वतःचं गाव, गॉलच्या पुढे समुद्राकाठी. पण ते गाव जसंच्या तसं शिल्लक कुठे होतं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे विमानांचा तळ केला, लोकांना उठवलं, घरं गेली. विक्रमसिंघेंचं जन्मघर तेवढं वाचलं, आज तिथे लोकसंस्कृतीचं म्युझियम आहे. त्यामुळे युनिटला दुसरं घर शोधावं लागलं, आणि ते मिळालं कोलंबोहून गॉलला जाताना लागणाऱ्या बलपिटियला, एक जुनी वलव्व. वलव्व म्हणजे तिकडच्या खानदानी लोकांचा वाडाच समज, समोर लांब पडवी, जाड भिंती, कौलारू छप्पर, आत काळोख्या खोल्या.

खऱ्या घरात शूट करायचं म्हणजे भिंत हलत नाही. सेटवर समोरची भिंत काढून कॅमेरा मागे नेता येतो, हवा तेवढा लाँग शॉट घेता येतो. घरात कॅमेरा कोपऱ्यात गेला की संपलं, तिथून पुढे माणसांना हलवावं लागतं. आणि या गोष्टीत तर माणसं कुठे उभी राहतात, कुठे बसतात यालाच सगळा अर्थ आहे. पियल हुशार आहे, इंग्रजी येतं, पण तो या घरात कुठपर्यंत येऊ शकतो? पडवीपर्यंत? आतल्या खोलीच्या दारापर्यंत? त्याला बसायला काय मिळतं? हे कोणी बोलून दाखवायची गरजच नाही, घराचा नकाशाच ते बोलतो. नंतर हाच माणूस पैसेवाला होऊन येतो, तेव्हा त्याच घरात तो कुठपर्यंत येतो ते बघायचं. स्टुडिओत हे घर बांधलं असतं तर कॅमेऱ्याच्या सोयीने बांधलं असतं आणि ही अंतरं आपोआप कमीजास्त झाली असती.

म्हणून तुला पहिला सल्ला हा, स्क्रिप्टचा पुढचा ड्राफ्ट वाड्यात बसून लिही. टेप घेऊन जा, ओटीपासून माजघरापर्यंत किती पावलं ते मोज, कोणत्या दारातून कोण जायचं, कोणाला यायची मुभा नव्हती, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. अर्ध्या डायलॉगची गरजच उरणार नाही.

आता लाइटबद्दल जरा खोलात जातो, कारण इथेच तुझी खरी अडचण आहे. जुन्या वाड्यात काय असतं, चुन्याच्या पांढऱ्या भिंती, त्यांच्यापुढे आपली सावळी माणसं, आणि त्यांच्या अंगावर पांढरे कपडे. कॅमेऱ्यासाठी याच्याइतकं कठीण कॉम्बिनेशन नाही, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तर रंगांचा आधारच नाही, सगळा खेळ उजळ-काळ्याचा. भिंत आणि शर्ट चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड परत फेकतात. चेहऱ्याला एक्स्पोजर दिलं की भिंत फटफटीत पांढरी, भिंत सांभाळली की चेहरा काळा. इथे नवशिका काय करतो, चेहऱ्यावर अजून लाइट मारतो, तो लाइट चेहऱ्यावरून पुढे भिंतीवर पण पडतो, मग भिंत अजून उजळ, मग अजून लाइट. असं करत करत सगळं सपाट होऊन जातं.

यावर उपाय म्हणजे माणसाला भिंतीपासून सोडवणं. उजेडाचा नियम असा आहे की दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. म्हणजे दिवा नटापासून तीन फुटांवर ठेवला आणि भिंत दिव्यापासून बारा फुटांवर असली, तर चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो त्याचा सोळावा हिस्सा फक्त भिंतीवर पोचतो. भिंत आपोआप राखाडी होते, मागे जाते, चेहरा पुढे येतो, आणि यासाठी दुसरा दिवा लागतच नाही. पण मग एका वेळी एकच चेहरा मिळतो, किंवा दोन चेहरे एकाच बाजूला. म्हणजे परत तोच प्रश्न, सीन कोणाचा? हातात धरायच्या लाइटचा फायदा इथे असतो, माणूस चालला की लाइटबॉय पण त्याच्याबरोबर चालतो, अंतर तेवढंच राहतं, आणि फ्रेममधल्या बाकीच्यांवरून उजेड सरकत जातो.

दिवसाच्या सीनला तर दिवा बाजूलाच ठेव. पडवीतून आत येणारा उजेड फार सुंदर असतो, आडवा, मऊ, आणि तो जमिनीवर आपटून खालून वर येतो. अंगणात उन्हात रिफ्लेक्टर लावून तो उजेड दारातून आत, वरच्या आढ्यावर किंवा ताणलेल्या पांढऱ्या कापडावर मारला की अख्ख्या खोलीत सारखा उजेड पसरतो. बंगालमध्ये सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी ताणलेल्या कापडावरून उजेड मारून बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला होता, आणि आज आपण सर्रास बाउन्स म्हणतो ती पद्धत तेव्हापासून आपल्याकडे रुजली. तुला दोन मोठे रिफ्लेक्टर, चार थर्माकोल, आणि बाहेर ऊन धरून बसणारी दोन माणसं लागतील. सूर्य सरकतो, त्यांनाही सरकावं लागतं, त्यामुळे ती दोघं चांगली शोध, त्या कामाला हलकं समजू नको.

कपड्यांचं पण आत्ताच सांगतो नाहीतर राहून जाईल. पांढरं धोतर, पांढरा सदरा, नऊवारीचा पांढरा काठ, काहीही पांढरं असेल ते कॉस्च्यूमवाल्यांना चहाच्या पाण्यात बुडवून घ्यायला सांग. कॅमेऱ्यात ते पांढरंच दिसतं पण डोळ्यात खुपत नाही. आणि वाड्याला शूटच्या आधी कोणालाही चुना मारू देऊ नको! मालकाला वाटतं पाहुणे येणार, घर छान दिसावं, तो बिचारा प्रेमाने करतो, आणि दीडशे वर्षांचा धूर, तेलाचे डाग, पाठ टेकून टेकून काळी झालेली जागा, सगळं एका दिवसात जातं. ती काळी जागा आर्ट डिपार्टमेंटला परत करता येत नाही, कितीही पैसे दिले तरी.

बरं, तुला त्यांच्यापेक्षा एक गोष्ट फार सोपी आहे. तेव्हाची जलद म्हणवली जाणारी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह पण २००-२५० एएसएच्या आसपासची, आणि आजचे साधे सिनेमा कॅमेरे ८०० आयएसओला (एएसए, आयएसओ एकच, आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) आरामात, काही तर त्याच्या कितीतरी पुढे स्वच्छ चित्र देतात. म्हणजे उजेड कमी पडण्याची भीती तुला नाही. तुझा धोका उलटा आहे, सगळंच दिसेल. त्यामुळे तुझं अर्धं काम काळं कापड लावून उजेड अडवण्याचं असणार, उजेड कापायचे कटर आणि काळे पडदे दिव्यांपेक्षा जास्त घेऊन जा.

नटांकडे येतो. पियल केलाय हेन्री जयसेन यांनी, स्वतः नाटककार, रंगभूमीचा मोठा माणूस. नंदाची बहीण अनुला केलीय त्रिलिशिया गुणवर्धन यांनी, १९५६ साली नाटककार सरच्चंद्रांच्या 'मनमे' नाटकामुळे सिंहली रंगभूमी बदलली, त्या नाटकातल्या त्या नायिका. नंदा म्हणजे पुण्या हीन्देनिय. आणि जिनदास, म्हणजे तो बायकोला धड पोसू न शकणारा नवरा, तो कोणी केला? गामिणी फोन्सेकाने! गामिणी तेव्हा स्टार होता, १९६२ ला 'रन्मुतु दूव' नावाचा पहिला रंगीत सिंहली सिनेमा आला त्याचा हीरो. सरळ हिशोबाने स्टारला पियल द्यायचा, जो हरतो, मग श्रीमंत होतो, मग मुलगी मिळवतो. पेरीसने त्याला हरणाऱ्याचा रोल दिला. याने काय झालं, प्रेक्षक जिनदासला झटकून टाकू शकत नाही, तो पडद्यावरून गेला तरी डोक्यात राहतो, आणि शेवटी त्याच्या खऱ्या मरणाची बातमी येते तेव्हा नंदाला जे वाटतं ते आपल्याला पण वाटतं. साइड रोलला कोणीतरी साधा नट घेतला असता तर शेवटचा भाग कोसळला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्याकडे एखादा ओळखीचा चेहरा यायला तयार असेल तर त्याला मेन रोलच दे असं नाही, कादंबरीतलं कोणतं पात्र मधेच निघून जातं आणि तरी शेवटपर्यंत जाणवत राहायला हवं, ते शोध.

पटकथा रेजी सिरिवर्धन यांची, समीक्षक माणूस. गाणी नाहीत, नाच नाही, विनोदी जोडी नाही, मारामारी नाही. १९६३ साली सिंहली थिएटरवाल्यांना हे समजावणं काय असेल विचार कर, 'रेखाव' पडून सातच वर्षं झाली होती, आणि 'रेखाव'मध्ये तरी गाणी होती. पण इथे गाणं आलं असतं तर कोणाच्या तोंडी? नंदा मनातलं बोलूच शकत नाही हाच तर तिचा सगळा प्रॉब्लेम, तिने गाणं म्हटलं की सिनेमा संपलाच.

संगीत मात्र आहे आणि ते पंडित अमरदेव यांचं. हे लखनौच्या भातखंडे संगीत विद्यापीठात शिकलेले, म्हणजे आपल्या मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी उभी केलेली संस्था. लंकेतल्या बऱ्याच मोठ्या गायक-संगीतकारांचं शिक्षण तिथे झालंय, मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. अमरदेवांनी रागसंगीत आणि लंकेची लोकगीतं यातून स्वतःचा सूर घडवला, आणि या सिनेमात ते संगीत मोजून वापरलंय, ते सीनच्या पुढे धावत नाही. तुझ्या संगीतकाराला हे ऐकव, आणि बॅकग्राउंड स्कोअरचं बजेट वाचलं तर ते साउंड रेकॉर्डिस्टला दे.

एडिटिंग सुमित्रा गुणवर्धन यांचं. लंडनला सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी, 'संदेशय'ला असिस्टंट होती, इथे एडिटर, आणि १९६४ ला लेस्टरशी लग्न, म्हणजे सुमित्रा पेरीस. मी एडिटर नाही, पण कॅमेऱ्यामागून एवढं नक्की कळतं की एडिटर शॉट किती वेळ धरणार हे माहीत असेल तर लाइटिंग वेगळी होते. दोन सेकंदांचा शॉट कसाही चालतो, वीस सेकंदांच्या शॉटमध्ये प्रेक्षकाचा डोळा फ्रेमभर फिरतो, कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली पण शोधून काढतो. तुझ्या एडिटरला रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला जाशील तेव्हा, घेऊन जा, लोकांना हा खर्च फालतू वाटतो, मला नाही वाटत.

पुढे सुमित्राबाई स्वतः डायरेक्टर झाल्या, १९७८ चा 'गॅहॅणु लमई' हा त्यांचा पहिला सिनेमा, गावातली गरीब हुशार मुलगी आणि तिचं पुरं न झालेलं प्रेम. तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोर केला आणि २०२५ ला कानच्या क्लासिक्स विभागात दाखवला गेला. मिळेल तिथे बघ, त्यात शाळकरी मुलीचे क्लोजअप ज्या निवांतपणे धरलेत तसे आपल्याकडे कोणी धरत नाही.

'गम्पेरळिय'चं पुढे काय झालं, तर जानेवारी १९६५ ला दिल्लीत भारताचा तिसरा इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल झाला, हाच आता गोव्यात होतो तो इफ्फी, ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय, आणि गोल्डन पीकॉक, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला या सिनेमाला. मेक्सिकोत पण मोठा पुरस्कार मिळाला. पेरीसने नंतर कादंबरीच्या त्रयीतले उरलेले दोन भाग, 'कलियुगय' आणि 'युगान्तय', ऐंशीच्या दशकात केले. मधे १९७२ चा 'निधानय', तो बघायलाच पाहिजे, कारण त्यातही जुनी वलव्व आहे, गामिणीच आहे, पण घराचा उपयोग पूर्ण वेगळा. एक कर्जबाजारी खानदानी माणूस गुप्तधनासाठी बळी द्यायला मानेवर चार तीळ असलेली मुलगी शोधतो आणि तिच्याशी लग्न करतो. 'गम्पेरळिय'मध्ये घर माणसांना अंतरावर ठेवतं, 'निधानय'मध्ये घर दोघांना आत कोंडतं. दोन्ही लागोपाठ बघ, एकाच प्रकारच्या घरात कॅमेरा ठेवायच्या दोन तऱ्हा समजतील.

आणि कादंबरी जमलीच नाही, हक्क मिळाले नाहीत, पैसे अजून कमी झाले, असं काही झालं तर प्रसन्न वितानगेंचा १९९७ चा 'पुरहन्द कलुवर' बघ. एक आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा सैन्यात, सीलबंद शवपेटी घरी येते, आणि बाप म्हणतो माझा मुलगा मेलेलाच नाही. बस एवढंच. जो अबेविक्रम हा नट, ज्याला लोक वर्षानुवर्षं विनोदी भूमिकांमध्ये बघत आले होते, तो म्हातारा करतो. सरकारने २००० साली त्याचं प्रदर्शन रोखलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने २००१ ला रिलीज करायला लावला. एक गाव, एक तळं, एक घर, एक माणूस. याच्या पुढच्या पिढीतला विमुक्ती जयसुंदर तर आपल्या पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकून गेलेला, २००५ ला कान फेस्टिव्हलमध्ये पहिल्याच सिनेमासाठी कॅमेरा द'ओर, म्हणजे तिथला पदार्पणाच्या सिनेमाचा पुरस्कार, घेतला त्याने.

आता तुझ्या वाड्याबद्दल थोडं. पहिलं वायरिंग. जुन्या वाड्यातल्या बोर्डावर दोन किलोवॅटचा लाइट लावलास तर फ्यूज तरी उडेल नाहीतर आत लाकडात ठिणगी तरी पडेल, लोकल इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घे, आणि यात काटकसर करू नको, आत सगळं लाकूड आहे. आग विझवायचं सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या रोज सेटवर हव्यातच. कौलाला, तुळईला लाइट टांगू नको, शंभर वर्षांच्या तुळईचा भरवसा मालकसुद्धा देऊ शकत नाही.

आवाज सिंक, म्हणजे शूट करतानाच, घ्यायचा की नंतर डबिंग, असं पण विचारलंयस. वाड्यात सिंक घे. जाड भिंती आहेत, आत बोललेला आवाज घुमतो, पायाखालची फरशी, लाकडी जिना, कडी-कोयंडा, हे सगळं डबिंगमध्ये कितीही फोली केली, म्हणजे असे आवाज नंतर स्टुडिओत करून घेतले, तरी तसं येत नाही. फक्त रेकीला रेकॉर्डिस्ट बरोबर हवा, शेजारच्या शेतातला पंप किती वाजता सुरू होतो, देवळातला भोंगा कधी, एसटी कधी, हे त्याने लिहून घ्यायचं आणि शेड्यूल त्याप्रमाणे लावायचं. जनरेटर लागलाच तर गल्लीच्या टोकाला, लांब केबल टाकून.

रात्रीचे सीन कमी कर, खरंच कमी कर. आणि जे ठेवशील त्यात कंदील किंवा चिमणी फ्रेममध्ये असू दे, तिच्या बाजूनेच तुझा छोटा एलईडी लपव, म्हणजे उजेड कुठून येतोय हा प्रश्नच बघणाऱ्याला पडत नाही.

बाकी आता एक काम कर. वाड्यात एक अख्खा दिवस रहा, ओटी, माजघर, आणि ज्या खोलीत सगळ्यात जास्त सीन आहेत ती, या तीन जागांचे फोटो सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच वाजता त्याच त्याच ठिकाणी उभं राहून काढ, फोनवर चालतील, फक्त एक्स्पोजर लॉक करून काढ नाहीतर फोन सगळे फोटो सारखेच उजळ करेल. त्या फोटोंबरोबर पहिले तीन इनडोअर सीन पाठव, प्रत्येक सीनच्या डोक्यावर तो कोणाचा आहे ते एका नावात लिहून. दोन नावं लिहाविशी वाटली तर त्या सीनवर आधी परत काम कर, दिवा कुठे ठेवायचा ते मग सांगतो.